जमिनीवरून धुतलेलं चक्र

आमच्या दिग्रसात माणूस किती धीट आहे ते पाहायचं असेल तर त्याला उंचावर चढवून पाहतात. पोट सुटलेलं, दोन जिने चढले की धाप लागते, आणि दसरा जवळ आला की हेच महाशय कठडा नसलेल्या स्लॅबच्या कडेवर स्लिपर घालून फिरतात. खाली चार जण कमरेवर हात ठेवून त्यांना "थोडं उजवीकडे, आणखी थोडं" असं सांगत असतात. वरचा पडला तर हेच चार जण त्याला उचलून दवाखान्यात नेतात आणि दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून तो नेमका कोणत्या पायावर पडला याबद्दल भांडतात.

मी एकतीस वर्षं सरकारी नर्स होते. त्यातली निम्मी वर्षं पांढरकवड्याकडच्या जंगलपट्टीत गेली. तिथे झाडावरून पडलेली माणसं यायची. त्यांचा मला कधी राग आला नाही, कारण ती पोटासाठी चढलेली असायची. घराच्या भिंतीवरचा डाग पुसायला चढून पडलेल्या माणसाला मात्र मी टाके घातले, प्लास्टरला मदत केली, पण त्याची कीव केली नाही. करायचं ठरवलं असतं तरी जमलं नसतं.

आणि असाच एक माणूस माझ्या घरात आहे. तो माझा नवरा. हे शाळेत चित्रकला शिकवायचे, आता निवृत्त आहेत. गावात सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. पंधरा वर्षांपूर्वी आम्ही घर बांधलं तेव्हा एका इंजिनियरने यांच्या डोक्यात एलिवेशन नावाचं भूत घातलं. घराचं तोंड चांगलं दिसलं पाहिजे म्हणून त्याने पुढच्या बाजूने, स्लॅबच्याही वर, सात फूट उंचीची एक भिंत उभी केली. तिच्या मागे खोली नाही, पुढे गॅलरी नाही. खाली दीड फुटाचा एक छज्जा आणि त्याच्यावर ही भिंत. स्लॅबवर उभं राहिलं तर तिची पाठ दिसते, रस्त्यावर उभं राहिलं तर पोट दिसतं, आणि हात कुठूनच पोहोचत नाही. पैसे घेऊन लोक काय काय विकतात याचा तो नमुना होता.

त्या पोटावर यांनी स्वतःच्या हाताने सिमेंटचं धम्मचक्र घडवलं. चार फुटांचं, चोवीस आऱ्यांचं, निळ्या रंगाचं. कबूल करते, चक्र सुंदर झालं. आमच्या ओळीत तसं दुसरं नाही. पण सुंदर वस्तू जिथे हात पोहोचतो तिथे करावी एवढी अक्कल चित्रकलेच्या शिक्षकाला असायला हरकत नव्हती. आमच्या घरापासून दोन शेतं सोडली की कापसाचं जिनिंग आहे. हिवाळाभर रुईचा भुरका उडतो आणि भिंतीला चिकटतो. पावसाळ्यात त्याच्यावर शेवाळ धरतं. भादवा संपता संपता निळं चक्र तव्याच्या बुडासारखं काळं झालेलं असतं. दसऱ्याला घरावर पंचशील ध्वज लागतो, पांढरे कपडे घालून सगळे वंदनेला जमतात, आणि वर हे काळं चक्र. ते त्या दिवशी स्वच्छ असलं पाहिजे हे मलाही पटतं. ते धुणाऱ्याचं वय चौसष्ट असावं हे पटत नाही.

दरवर्षी दसऱ्याच्या दोन दिवस आधी हे पोर्चवरून शिडी लावून छज्ज्यावर चढायचे, दोरीने बादली ओढून घ्यायचे आणि काथ्याच्या ब्रशने चक्र घासायचे. गेल्या वर्षी चढले आणि उतरलेच नाहीत. मी स्वयंपाकघरात होते. तासाभराने शेजारच्या बाईंनी हाक मारली की सिस्टर, गुरुजी कधीचे वर बसून हायेत अन् आवाज दिला तं बोलत नाहीत. बाहेर येऊन पाहते तो हे भिंतीला पाठ लावून, पाय खाली सोडून बसलेले. ब्रश खाली पडलेला. चेहरा राखेसारखा. मंडपवाल्याची लांब शिडी आणून दोन माणसांनी त्यांना खाली घेतलं. काय झालं विचारलं तर म्हणाले, चक्कर आली. बीपी थोडा वाढलेला होता. मी लिंबू-साखरेचं पाणी दिलं आणि मग तोंड सुरू केलं.

माझं तोंड साधं नाही, हे मला माहीत आहे. त्या दिवशी गल्ली ऐकत होती म्हणून मी आणखी चढ्या आवाजात बोलले. पुढे वर्षभर ती गोष्ट मी येईल त्याला सांगितली. यांचं नावच मी "छज्ज्यावरचं कबूतर" ठेवलं. माझ्या माहेरी, बोरी अरबला, एका लग्नात मांडवभर ती गोष्ट रंगवून सांगितली, आणि जेवणाच्या पंगतीत माझ्या भाच्यांनी यांच्या पानासमोर ज्वारीचे दाणे टाकले. सगळे पोट धरून हसले. हेही हसले.

यंदा भादवा सरत आला तसे हे संध्याकाळी फाटकापाशी उभे राहून, मान वर करून, चक्राकडे बघायला लागले. पाच पाच मिनिटं बघायचे. मी ओळखलं की हा माणूस पुन्हा चढणार. बावीस फुटांवरून सिमेंटच्या रस्त्यावर पडलेला चौसष्ट वर्षांचा माणूस कसा दिसतो ते मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. तेव्हा माझ्यापुढे एवढंच काम होतं. चक्र धुतलं गेलं पाहिजे आणि माझा नवरा जमिनीवर राहिला पाहिजे. पहिल्यांदा मी शिडी घरातून काढली. दिराकडे संत्र्याची बाग आहे, त्याला देऊन टाकली. यांनी शिडी कुठे गेली असं विचारलं नाही. मला वाटलं, बरं झालं, अर्धी लढाई जिंकली.

मग पर्याय शोधले. पेंटरला बोलावलं. त्याची पद्धत मी आधीच पाहिलेली होती. कमरेला दोरी बांधून माणूस वरून लोंबकळतो आणि दोरीचं दुसरं टोक स्लॅबवर त्याच्या साथीदाराच्या हातात असतं. साथीदाराचा दुसरा हात तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटण्यात गुंतलेला असतो. मी विचारलं, खर्रा संपला आणि त्याला पुडी आणायला जावंसं वाटलं तर? पेंटर म्हणाला, आजवर तसं झालं नाही. आजवर झालं नाही हे आमच्याकडे सगळ्यात मोठं सुरक्षेचं साधन आहे. मी त्याला चहा देऊन वाटेला लावलं.

नंतर दारव्हा रोडवरच्या वॉशिंग सेंटरवाल्याला गाठलं. गाड्यांचा चिखल काढायचं त्याचं मशीन आहे, पाण्याचा जोर एवढा की हात मध्ये आला तर कातडी सोलून निघेल. मशीन घेऊन तो ऐटीत आला, चक्राच्या बरोबर खाली उभा राहिला आणि बंदूक सरळ आकाशाकडे धरली. पाणी पहिल्या मजल्याच्या खिडकीपर्यंत काठीसारखं ताठ गेलं, तिथून पुढे त्याचा फवारा झाला आणि तो फवारा त्याच्याच डोक्यावर परत आला. त्याच्याबरोबर दोन वर्षांचं शेवाळ आणि एक मेलेली पालही आली. तो म्हणाला, पाणी वर जाते बाई, जोर नाही जात. मग म्हणाला, निसनी द्या, वर जाऊन मारतो.

यावर मी त्याला अंगणात उभं करून शिकवणी दिली. बंदुकीतून पाणी पुढे जातं तेव्हा बंदूक धरणाऱ्याला मागे ढकलते. जमिनीवर पाय रोवून उभं राहिलं तरी तो धक्का लागतो. शिडीवर उभं राहून ती बंदूक भिंतीवर चालवायची म्हणजे स्वतःच स्वतःला भिंतीपासून लोटायचं. त्याने सगळं ऐकून घेतलं, डोक्यावरचं शेवाळ झटकलं आणि म्हणाला की गाड्या धुताना असं काही होत नाही. गाडी धुवायला शिडी लागत नाही, हे त्याच्या ध्यानात यायला वेळ लागला असता. मला तेवढा वेळ नव्हता.

शेवटी दीर आठवला. संत्र्याच्या झाडांना फवारणी करायला त्याच्याकडे इंजिनावर चालणारा पंप आहे. पेट्रोल इंजिन, दोनशे लिटरचा ड्रम, शंभर मीटर नळी आणि पुढे लांब बंदूक. झाडाच्या शेंड्यापर्यंत औषध जातं तर चक्रापर्यंत पाणी का जाणार नाही? दीर बिचारा उभ्या सोयाबीनची सवंगणी मजुरांवर सोडून, मालवाहू गाडीत सगळं सामान घालून, दसऱ्याच्या दोन दिवस आधी सकाळीच हजर झाला. त्याच्याबद्दल मला वाईट बोलायचं नाही. एक गोष्ट मात्र बोलावीच लागेल. त्या ड्रमला औषधाचा वास येत होता.

फवारणी करून हिरव्या-निळ्या तोंडाने, बोलता न येणाऱ्या अवस्थेत दवाखान्यात आणलेले लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या तोंडातून फेस पुसला आहे. मी दिराला म्हटलं, हा ड्रम माझ्या फाटकाच्या आत येणार नाही. तो दुखावला. म्हणाला, वहिनी, म्या काय भिंतीले जहर पाजून राह्यलो? मी म्हटलं, भिंतीला नाही, ते पाणी खाली पडेल, नालीतून वाहील, शेजारच्या शेळ्या पितील. ड्रम मी गाडीतच ठेवायला लावला आणि घरातला पाण्याचा नवा ड्रम काढला. नळी आणि बंदूक सोड्याच्या पाण्याने तीनदा धुवून घेतली, धुतलेलं पाणी मागच्या पडीक जागेत खड्डा करून ओतायला लावलं. तासभर गेला. तोवर गल्ली जमली. आमच्या गल्लीला काम करताना पाहायला आवडतं, म्हणजे दुसऱ्याला.

मग माझी बाकीची तयारी सुरू झाली. खिडक्यांच्या फटीत पोती कोंबली. मोटारसायकली गल्लीच्या टोकाला नेल्या. बघ्यांना रस्त्याच्या पलीकडे हाकललं. चक्राच्या खाली उभं न राहता दहा फूट बाजूला उभं राहायची जागा चुन्याने आखली, कारण वरून पोपडे पडले तर ते डोक्यावर पडू नयेत. दिराच्या फवारणीच्या चष्म्याखेरीज मी यांचं हेल्मेट घातलं आणि पावसाळी कोट चढवला. शेजारच्या बाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. हसू द्या म्हटलं. शेवटी मीटरपाशी गेले, मेन स्विच स्वतःच्या हाताने खाली पाडलं आणि पलीकडच्यांनाही ऐकू जाईल असं सांगितलं की पाणी आणि वीज यांची गाठ कधी पडू द्यायची नसते. एवढी अक्कल आपल्या लोकांना असती तर दवाखाने रिकामे राहिले असते, असंही म्हटलं.

यांना मी फाटकापाशी, इंजिनाच्या बाजूला, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं होतं. हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. कोणीतरी पलीकडून म्हणालं की गुरुजी, यंदा खालीच बसा, आणि हशा झाला. हे कसनुसं हसले. मग मला म्हणाले, "वायरीचं पाह्यलं का?"

मी म्हटलं, मेन पाडलंय, तुम्ही बसा.

इंजिन सुरू झालं. पहिल्यांदा साधी बंदूक लावून पाहिली. पाणी चक्रापर्यंत पोहोचलं खरं, पण चक्र नुसतं ओलं झालं, काळं ते काळंच. जवळून मारल्याशिवाय शेवाळ सुटत नाही. मग दिराने बंदूक बांबूला बांधली. पाणी सुटलं की बांबू असा हलायचा की चक्र सोडून बाकी सगळं धुतलं गेलं. एकदा तर पलीकडच्या वाळत घातलेल्या पापडांची धुलाई झाली. बघ्यांना सणाआधीच सण मिळाला. दहा सल्ले आले, त्यातले नऊ कोणाला तरी वर चढवण्याचे होते. दहावा सल्ला बोअरवेलवाल्याचा. तो म्हणाला, बांबू नका वापरू, माझ्याकडे वीस फुटी लोखंडी पाइप आहे, टोकाला नोझल बसवून देतो, पाणी पाइपातूनच जाईल, हलणार नाही. मला पटलं. त्या सगळ्या गर्दीत पहिल्यांदा कोणीतरी डोकं वापरलं असं वाटलं.

पाइप आला, नोझल बसलं, आट्यांना सुतळी गुंडाळली. पाइप मी पुढून धरला, दिराने मागून. दोघंही नखशिखांत ओले. पायाखाली पाणी साचलेलं. माझ्या पायात रबरी चपला होत्या, दीर अनवाणी. हे खुर्चीतून पुन्हा म्हणाले, "अवं, पन थो वरचा..."

"बसा म्हटलं ना," मी म्हटलं, आणि ते मी कसं म्हटलं ते पलीकडच्या हशावरून मला कळलं. मला त्याचं समाधानच वाटलं. गेल्या वर्षी छज्ज्यावर बसून राहिलेल्या माणसाने या वर्षी मला शिकवू नये, असं माझं मत होतं.

पाइप उभा केला. दिराने मागून जोर दिला, टोक चक्राच्या डाव्या कडेपर्यंत गेलं, पाणी सणसणत सुटलं आणि शेवाळाचा एक हातभर पट्टा सरकन उतरला. खाली निळा रंग दिसला. मी म्हटलं, आणखी डावीकडे घ्या. पाइप डावीकडे झुकला.

आणि इंजिन बंद पडलं. पाणी मेलं. मी मागे वळून पाहिलं तर हे खुर्चीतून उठून इंजिनापाशी उभे होते, हात बटणावर.

"लोखंड खाली घे," ते म्हणाले. "सरळ खाली. डावीकडे नाही."

लग्नाला पस्तीस वर्षं झाली. या आवाजात ते माझ्याशी कधीच बोलले नव्हते. हा वर्गातला आवाज होता, मागच्या बाकावरच्या पोरांसाठीचा. मी पाइप खाली घेतला तो समजून नाही, चकित होऊन. पाइप आडवा झाला तसा माझा राग वर आला. म्हटलं, काम चांगलं होऊन राह्यलं तं मधात काहून तंगडी घालता? मेन पाडलं आहे हे कितीदा सांगायचं?

"मेन पाडलं म्हनजे घरातलं बंद झालं," ते म्हणाले. "खांबावरून भिंतीपावतर जो वायर येते, थो मेनच्या अगुदर हाये. थो जित्ताच हाये."

मी वर पाहिलं. रस्त्यापलीकडच्या खांबावरून काळी सर्व्हिस वायर येत होती आणि चक्राच्या डाव्या बाजूला, हातभरही अंतर नाही अशा ठिकाणी, भिंतीत ठोकलेल्या लोखंडी अँगलला बांधलेली होती. तिथून ती वळून खाली मीटरला येत होती. पंधरा वर्षं ती तिथेच होती. मेन स्विच मीटरच्या नंतर येतं हे मला माहीत होतं, म्हणजे कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. पण मी एकदा स्विच खाली पाडलं, मोठ्याने सांगितलं, आणि माझ्यापुरती वीज संपली. दिराने पाइप सोडून दिला होता आणि तो स्वतःच्या ओल्या पायांकडे बघत होता. पलीकडचा हशा थांबला.

लाइनमनला फोन केला. तो अर्ध्या तासाने आला, तोवर कोणी जागचं हललं नाही आणि कोणी सल्लाही दिला नाही. त्याने स्लॅबवर जाऊन, भिंतीच्या कडेवरून हात पुढे वळवून, वायरीला टेस्टर लावला. अँगलपाशी वायरीचं वरचं आवरण वीतभर खाल्लेलं होतं. उन्हाने तडकलं असेल, खारींनी कुरतडलं असेल. टेस्टरचा दिवा लागला. तो खाली आला आणि मला म्हणाला, सिस्टर, पाइप टेकला असता तं दोघाईचं इथंच झालं असतं. मग त्याने खांबावरूनच आमची वायर सोडवली, आवरण गेलेला तुकडा कापून टाकला आणि धुणं आटोपलं की बोलवा म्हणून बाजूला बसला.

धुणं पुढे अर्ध्या तासात आटोपलं. साबणाचं पाणी खालून वर, साधं पाणी वरून खाली. कोणी चढलं नाही, कोणी पडलं नाही. सगळं मी म्हटलं तसंच झालं. शेवाळाबरोबर निळा रंगही निम्मा निघून आला आणि चक्र चट्ट्यापट्ट्याचं दिसायला लागलं. लोक म्हणाले, छान निघालं. लोकांना काय, काळं नसलं की छान. मी हेल्मेट काढलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा ही म्हण मी आजवर किती जणांना ऐकवली असेल. त्या दुपारी मला ती कोणी ऐकवली नाही, गल्लीचे उपकारच म्हणायचे.

संध्याकाळी दीर गेला. वीज आली होती. हे ओट्यावर बसले होते, मी चहा घेऊन गेले. पाइप, नळी, चक्र यांबद्दल मी थोडं बोलले आणि मग विचारलं की तुम्हाला ती वायर कशी ठाऊक होती. इतक्या लोकांत एकट्या तुम्हालाच?

त्यांनी कप खाली ठेवला.

"मागच्या साली म्याबी मेन पाडूनच चढलतो," ते म्हणाले. "चक्कर नव्हती आली मले. करंट लागलता. ब्रश ओला होता, हात त्या अँगलले लागला. मंग हातच चालेना. पडीन म्हनून बसून राह्यलो."

मी म्हटलं, "मंग सांगतलं काहून नाही तुमी?"

"खाली आलो तं तू बोलाले लागली," ते म्हणाले. "मंग सारे हासाले लागले. मंग राहूनच गेलं."

त्यात तक्रार नव्हती. पाऊस आला म्हणून शेतात जायचं राहून गेलं, असं सांगावं तसं त्यांनी सांगितलं. यंदा फाटकापाशी उभे राहून ते चक्राकडे बघत नव्हते, वायरीकडे बघत होते. लाइनमनला बोलवायचं मनात होतं म्हणाले, तेवढ्यात मी पंप बोलावला. मी त्यांचा उजवा हात धरून दिव्याखाली नेला. तळव्यावर अंगठ्याच्या मुळाशी एक पांढरट, आत दबलेला, गोल डाग होता. गेल्या दसऱ्याला त्यांनी मला तो तव्याचा चटका म्हणून सांगितला होता. आठ दिवस मीच त्याला मलम लावलं होतं. तव्याचा चटका असा नसतो. कडा अशा कडक नसतात, मधला भाग असा दबलेला नसतो. विजेने भाजलेले तळवे मी नोकरीत इतके पाहिले की झोपेतून उठवून विचारलं तरी ओळखेन. नवऱ्याचा तळवा आठ दिवस हातात घेऊन मला तो ओळखता आला नाही, कारण त्या आठ दिवसांत माझं तोंड चालू होतं. मला लाज वाटली. अशी लाज मला नोकरीत एकदाही वाटली नव्हती.

करंट लागलेल्या माणसाचं हृदय तपासल्याशिवाय त्याला घरी सोडायचं नाही, हे मी कितीतरी नव्या नर्सेसना शिकवलं. यांना मी लिंबू-साखरेचं पाणी दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मी त्यांना यवतमाळला नेलं. बसमध्ये त्यांनी मला खिडकी दिली. दवाखान्यात कार्डिओग्राम काढला. डॉक्टर माझ्या लेकीच्या वयाची होती. तिने कागद दोनदा पाहिला आणि सगळं ठीक आहे म्हणाली. मग तळव्याचा डाग पाहिला, करंट कधी लागला ते विचारलं, आणि मी गेल्या वर्षी म्हटल्यावर पेन खाली ठेवलं.

"मग वर्षभराने आज कशा आलात?"

मला काल कळलं, मी म्हटलं.

तिने माझ्याकडे नीट बघितलं. मी लोकांकडे जसं बघत आले, अगदी तसंच.

"तुम्ही एकाच घरात राहता ना?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं.